'प्रोग्रेस नाही' वाचून भाऊ रडला : आप्पांची केमो आणि फरक पडतोय का ते कसं कळतं

डिसेंबरातली गोष्ट. आप्पांच्या तीन केमो होऊन मधला पेट स्कॅन झाला होता आणि त्याचा रिपोर्ट संध्याकाळी भावाच्या व्हॉट्सॲपवर आला. मी सांगलीत भाकऱ्या थापत होते, तो तिकडं तासगाव तालुक्यात बागेत. पाच मिनिटांत त्याचा फोन, आवाज पार बसलेला. "ताई, काहीच प्रोग्रेस नाही गं. तसं लिहिलंयच." आणि मग रडायलाच लागला, एवढा तीस वर्षांचा घोडा. मी तवा उतरवला, रिपोर्ट माझ्या फोनवर मागवला आणि खालपर्यंत गेले. शेवटच्या ओळीत होतं 'नो एव्हिडन्स ऑफ डिसीज प्रोग्रेशन'.

म्हणजे आजार पुढं सरकल्याची खूण नाही. अहो आनंदाची बातमी होती ती! दवाखान्याच्या भाषेत प्रोग्रेस पेशंटची नसते, आजाराची असते, आणि ती झाली नाही तर पेढे वाटायचे. ही भाषाच उलटी. 'निगेटिव्ह' आलं की चांगलं, 'अनरिमार्केबल' म्हणजे त्या अवयवाबद्दल सांगण्यासारखं काही नाही म्हणजे तो ठणठणीत, आणि 'पॉझिटिव्ह' दिसलं की पोटात गोळा. त्या रात्री भावाला फोनवर एक-एक ओळ समजावून सांगितली आणि ठरवलं की हे सगळं एकदा नीट लिहून काढायचं. मी डॉक्टर नाही, फाईल सांभाळणारी लेक आहे, पण पाच-सहा महिने ती फाईल उशाला घेऊन झोपलेय. तुमच्या घरात असं कुणाचं चालू असेल तर औषधपाणी डॉक्टरच सांगतील, मी फक्त ते काय बोलतायत ते सांगते.

आप्पांना झाला तो लिम्फोमा. पायाला काटा लागून पिकला की जांघेत अवधाण येतं ना, तशा गाठी अंगात बऱ्याच ठिकाणी असतात, मानेत, काखेत, पोटात, छातीत. एरवी हाताला लागत नाहीत. त्यात पांढऱ्या पेशी असतात, इन्फेक्शनशी भांडणाऱ्या. त्यातलीच एक पेशी बिघडली आणि वाढतच सुटली की लिम्फोमा. त्याचे प्रकार पन्नासच्या वर आहेत, त्यामुळं शेजारच्या गावातल्या अमक्याला हेच होतं आणि तो असा बरा झाला किंवा असा गेला, ह्या गोष्टी ऐकायच्या आणि सोडून द्यायच्या. आप्पांचा प्रकार डीएलबीसीएल, मोठ्या बी पेशींचा, भराभर वाढणारा. वाढतो भराभर पण औषधाला ऐकतोही तसाच, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. मला ते वाक्य कळायला महिना लागला.

गाठ पहिल्यांदा दाढी करताना हाताला लागली, जुलैत, मानेच्या उजव्या बाजूला, सुपारीएवढी. दुखत नव्हती. (दुखत नाही म्हणून काही नाही, असं आपल्याकडं सगळे धरून चालतात, तेच चुकतं.) एका डॉक्टरांनी हात लावून बघितला आणि टीबीची गाठ आहे म्हणून गोळ्या चालू केल्या, सुईची नाही की तुकड्याची नाही, कसलीच तपासणी न करता. आपल्याकडं गाठीचा टीबी खूप आहे हे खरंय, संध्याकाळचा ताप, घाम, वजन उतरणं हे दोन्हीत सारखं, त्यामुळं शंका टीबीची येणं चूक नाही. पण शंकेवर सहा आठवडे गेले आणि तेवढ्यात सुपारीचं लिंबू झालं. तेव्हा एवढं एक लक्षात ठेवा, गाठ दोन-तीन आठवड्यांत बसली नाही तर बायोप्सी मागा, आणि लिम्फोमाची शंका असेल तर नुसतं सुईनं पाणी काढून बहुतेक वेळा भागत नाही, अख्खी गाठ किंवा चांगला तुकडा लागतो, कारण पेशी कशा रचल्यात ते बघायचं असतं. आणि बायोप्सीच्या आधी कुणी स्टेरॉईड देत असेल तर विचारा कशासाठी, कारण स्टेरॉईडनं लिम्फोमाची गाठ विरघळल्यासारखी होते आणि मग तुकड्यात काही सापडतच नाही. घरातले खूश, गाठ गेली म्हणून, आणि दोन महिन्यांनी ती दुप्पट होऊन परत.

स्टेजचं सांगते, कारण भेटायला येणारा प्रत्येक माणूस चपला काढायच्या आधी तेच विचारायचा, कितवी स्टेज? लिम्फोमाच्या स्टेजची पद्धत ॲन आर्बर नावाच्या अमेरिकेतल्या गावातल्या १९७१ च्या बैठकीवरून आलीय. छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासाचा पडदा असतो, तो धरायचा बांध. गाठींचा एकच पुंजका असेल तर पहिली, बांधाच्या एकाच बाजूला दोन किंवा जास्त पुंजके असतील तर दुसरी, बांधाच्या वर आणि खाली दोन्हीकडं असतील तर तिसरी, आणि लिव्हर, हाडाचा मगज असल्या ठिकाणी पसरलं असेल तर चौथी. आप्पांची मानेत, काखेत आणि पोटात होती म्हणून तिसरी. एक चुलते ऐकून लगेच म्हणाले, तिसरी म्हंजे संपलंच की. नाही. दुसऱ्या बऱ्याच कॅन्सरमध्ये पसरलेला आजार म्हणजे पूर्ण बरा होणं अवघड, पण ह्या लिम्फोमात तिसऱ्या-चौथ्या स्टेजलाही बरं करायच्या हिशोबानंच ट्रीटमेंट देतात. सगळ्या स्टेज धरून दहातले साधारण सहा जण पहिल्याच औषधानं कायमचे सुटतात. चौघांचं काय, हे मीही विचारलं होतं. त्यांच्यासाठी पुढची औषधं असतात, ती जड असतात. एवढंच.

आता औषध. नाव आर-चॉप, पाच औषधांची पहिली अक्षरं, त्यातली काही त्यांच्या दुसऱ्या नावांची. सहा सायकल, दर २१ दिवसांनी एक. आप्पांना डॉक्टरांनी हे सांगितलं तर आप्पा माझ्याकडं वळून म्हणाले, "मग ह्ये आपलं फवारणीचं शेड्युलच की गं पोरी." डॉक्टर हसले, पण मला पुढं सहा महिने तोच हिशोब कामाला आला. द्राक्षवाल्याला सांगायला लागत नाही की दावणी (द्राक्षावरचा बुरशीचा रोग) दिसत नाही म्हणून फवारणी चुकवायची नाही, आणि एकदम डबल डोस मारला तर रोग मरायच्या आधी पान करपतं. २१ दिवसांचं अंतर त्यासाठीच. केमो भराभर वाढणाऱ्या पेशी मारते, कॅन्सरच्याही आणि आपल्याही, तोंडातल्या, आतड्यातल्या, केसांच्या मुळातल्या, रक्त बनवणाऱ्या. फरक एवढाच की आपल्या पेशी तीन आठवड्यांत सावरतात आणि कॅन्सरच्या तितक्या सावरत नाहीत. सावरायच्या आत परत मारायचं, पण आपल्या सावरल्यावर. सगळं गणित ह्या फटीत आहे.

त्यातलं 'आर' म्हणजे रिटुक्सिमॅब, ते मात्र केमो नाही. बी पेशींच्या अंगावर सीडी-२० नावाची खूण असते, हे औषध त्या खुणेलाच जाऊन चिकटतं, आप्पांच्या भाषेत 'निवडक तणनाशक'. डॉ. रेड्डीज कंपनीनं २००७ मध्ये हे भारतात बनवून विकायला सुरुवात केली आणि तेव्हापासून ते आपल्यासारख्यांच्या आवाक्यात यायला लागलं. पहिल्या वेळी ते फार हळू सोडतात, आप्पांना तासाभरात हुडहुडी भरली, दात वाजायला लागले, सिस्टरनी बंद केलं, इंजेक्शन दिलं, परत निम्म्या स्पीडनं चालू. सकाळी आठला बसलो ते संध्याकाळी सहा. दुसऱ्या वेळेपासून काही नाही. हे चालू करायच्या आधी हिपॅटायटिस बी तपासलंय का ते बघा, झोपलेली कावीळ ह्या औषधानं उठू शकते.

'एच' म्हणजे डॉक्सोरुबिसिन, लालभडक, मोठ्या सिरिंजमध्ये सरबतासारखं दिसतं. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी लघवी लाल होते, हे आधी माहीत नसेल तर घरात रडारड होते. त्याचा हार्टवर परिणाम होऊ शकतो म्हणून आधी इको काढतात आणि आयुष्यभरात किती द्यायचं याला मर्यादा असते.

आणि 'ओ', विनक्रिस्टिन. हे कशापासून निघालं माहितीय? सदाफुलीपासून. आमच्या तुळशीकट्ट्याच्या बाजूला गुलाबी सदाफुली आहे, आई गेली वीस वर्षं तिला तांब्याभर पाणी घालते. हे कळल्यावर आईनं हात जोडले, आणि एका शहाण्यानं आप्पांना तिची पानं चावून खा म्हणून सांगितलं. अजिबात नको! टनभर पाल्यातून चिमूटभर निघतं ते औषध, आणि ती चिमूटसुद्धा मिलिग्रॅममध्ये मोजून शिरेतून देतात. पानं विषारी असतात. विनक्रिस्टिननं बोटांच्या टोकाला मुंग्या येतात आणि पोट गच्च होतं. आप्पांना सदऱ्याची बटणं लावता येईनात, चौथ्या सायकलनंतर तर नोटा मोजता येईनात, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा पाकीट आईकडं दिलं. डॉक्टरना सांगा हे, ते डोस कमी करतात. आप्पांनी दोन सायकली सांगितलंच नव्हतं.

आता मुद्द्याचं. फरक पडतोय का, हे कसं कळणार?

तोंडाकडं बघून कळत नाही. हे मला सगळ्यात उशिरा कळलं. आर-चॉपमधल्या 'पी'च्या गोळ्या असतात, प्रेडनिसोलोन, रोज १०० मिलिग्रॅम, पाच दिवस. ते स्टेरॉईड. पहिल्या सायकलच्या तिसऱ्या रात्री तीन वाजता आईला जाग आली तर आप्पा अंथरुणात नाहीत. गोठ्यात लाईट चालू, आप्पा शेण काढतायत, म्हशीशी बोलतायत. दोन महिने ज्यांना ताटावर बसवून उठवायला लागायचं ते पाच भाकरी खायला लागले. सगळं गाव म्हणालं, एकाच केमोत आप्पा बरे झाले, गुण बघा डॉक्टरचा. सहाव्या दिवशी गोळ्या संपल्या आणि आप्पा असे गळाले की वळायलाही आधार लागला, आणि तेच गाव म्हणायला लागलं की केमोनं माणूस खाल्ला, बंद करा, आयुर्वेदिक बघा. आजार दोन्ही दिवशी तेवढाच होता! पाच दिवस दिसला तो स्टेरॉईडचा जोर आणि नंतर दिसला तो जोर उतरल्याचा. केस गेले, मिशी गेली (ते मात्र लागलं त्यांना, टोपी ओठापर्यंत येत नाही), नखं काळी पडली, तोंड आलं, हे सगळं औषध दिसतंय, कॅन्सर नाही. केस जास्त गेले म्हणजे औषध जास्त लागू पडलं असंही नाही. शुगर असेल तर त्या पाच दिवसांत रोज तपासा, आप्पांची साडेतीनशेला गेली होती आणि त्यांना कधी डायबेटिस नव्हताच.

मी मग भिंतीवरच्या कालनिर्णयवर तीन रंगांनी खुणा केल्या. पहिले पाच दिवस गोळ्यांचे. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत पांढऱ्या पेशी तळाला, हे धोक्याचे दिवस. पुढचा आठवडा वर यायचा. दर सायकलला हेच. एकदा हा नकाशा कळला की रोजच्या चढ-उताराचं तेवढं वाटत नाही, दहाव्या दिवशी थकवा असणारच, त्याला आजार वाढला म्हणायचं नाही.

धोक्याच्या दिवसांत सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशी मोजायच्या रिपोर्टात बघायचं ते एएनसी, इन्फेक्शनशी भांडणाऱ्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींचा आकडा. बरेचदा लिहिलेलंच नसतं, आपण काढायचं. एकूण पांढऱ्या पेशी गुणिले न्यूट्रोफिलचा टक्का. आप्पांच्या दुसऱ्या सायकलला दहाव्या दिवशी पेशी १९०० आणि न्यूट्रोफिल २२ टक्के, म्हणजे ४१८. पाचशेच्या खाली म्हणजे अंगात राखणीला कुणीच नाही. त्याच रात्री अकराला थर्मामीटर १०१.२. आई म्हणाली क्रोसिन देऊ, सकाळी बघू. आपल्याकडं ताप म्हणजे क्रोसिनच. पण केमोच्या पेशंटला १००.४ च्या वर ताप म्हणजे सरळ दवाखाना, रात्र असो, पाऊस असो, आणि गोळी देऊन ताप झाकायचा नाही. शेजाऱ्यांची बोलेरो काढली, मिरजेला पोचेपर्यंत आप्पांचे हात गार आणि कपाळ तवा. तिथं पोचल्यावर पहिल्या तासाच्या आत शिरेतून ॲन्टिबायोटिक चालू झालं, पाच दिवस ॲडमिट. सकाळपर्यंत थांबलो असतो तर काय, ते डॉक्टरांनी न विचारताच सांगितलं, मी इथं लिहीत नाही. मिरज जवळ आहे हे आमचं नशीब. १८९४ मध्ये वानलेस डॉक्टरांनी मिशनचं हॉस्पिटल काढलं तेव्हापासून हे गाव दवाखान्यांचंच आहे, लांबलांबून लोक येतात, आम्ही तर तीस किलोमीटरवरचे.

त्यानंतर प्रत्येक केमोच्या दुसऱ्या दिवशी पेशी वाढवायचं इंजेक्शन सुरू झालं. ते फ्रीजमध्ये ठेवायचं असतं, बर्फाच्या पाकिटासकट डब्यातून एसटीनं न्यायचं आणि गावातल्या सिस्टरकडून घ्यायचं. त्यानं कंबर, मांड्या ठणकतात, कारण हाडातला मगज कामाला लागलेला असतो. तिसरी केमो आठवडाभर पुढं गेली, काऊंट वर येईना म्हणून. लगेच फोन सुरू, औषध बंद केलं का, हात टेकले का? एक आठवडा पुढं जाणं ही नेहमीची गोष्ट आहे, जमिनीत वाफसा आल्याशिवाय, म्हणजे ओल बेताची झाल्याशिवाय, कुळवाची पाळी घालत नाही तसंच.

खाण्याचं एकच सांगते. धोक्याच्या दिवसांत डॉक्टर म्हणाले, साल काढता येईल अशीच फळं द्या, नाहीतर फार नीट धुऊन. आता द्राक्षाची साल कोण काढणार? अडीच एकर बाग असलेला माणूस हंगामात लेकाला म्हणतो, घड नुसता दाखव तरी.

आणि लांबून भेटायला येणाऱ्यांनी, खरंच सांगते, यायचं नाही. फोन करा. आलात तर ओट्यावर बसा, मास्क लावा, आणि अमका कसा गेला ते सांगू नका.

तर फरक. खरा फरक मोजायचे दिवस सगळ्या ट्रीटमेंटमध्ये दोनच असतात, मधला स्कॅन आणि शेवटचा. बाकी गाठ हाताला कमी लागणं, रक्तातला एलडीएच (पेशी मोडल्या की वाढतो तो घटक) उतरणं, रात्रीचा घाम थांबणं ह्या खुणा असतात, चांगल्या असतात, पण मोजमाप पेटचं.

पेट स्कॅन म्हणजे काय तर शिरेतून अशी साखर सोडतात जिच्यातून थोडा वेळ किरण निघतात. जिथं साखर जास्त खाल्ली जाते तिथं फोटोत काळं दिसतं. भराभर वाढणाऱ्या पेशींना साखर जास्त लागते म्हणून कॅन्सर दिसतो. (यावरून गोड बंद करा, कॅन्सर उपाशी मरेल, असे मेसेज फिरतात. तसं नसतं हो. साखर सोडली तरी शरीर रक्तातली साखर सांभाळतंच, उपाशी पेशंट मरतो.) सहा तास पोट रिकामं लागतं, रक्तातली शुगर साधारण दोनशेच्या आत लागते, आणि तासभर गप पडून राहायचं, बोलायचंही नाही फार. त्या औषधाची ताकद दर ११० मिनिटांनी निम्मी होते, म्हणून जिथं ते बनत नाही तिथं रोज सकाळी गाडीनं येतं आणि गाडीला उशीर झाला की सगळ्या रांगेला उशीर. तेव्हा चिडचिड करू नका, आम्ही केली होती. घरी आल्यावर तो दिवस लहान पोरं आणि गरोदर बाई यांच्यापासून लांब. माझा पोरगा आजोबांना खिडकीतून हात करत बसला होता.

पहिला पेट फोटो बघितला तेव्हा माझे पाय गळाले, कारण आप्पांचा मेंदू काळाकुट्ट होता, लघवीची पिशवी काळी. रात्रभर झोप नाही. सकाळी डॉक्टर म्हणाले, मेंदू साखरेवरच चालतो, तो काळा दिसणारच, आणि पिशवीत उरलेलं औषध बाहेर पडायला जमतं. फोटो स्वतः वाचू नका, हा त्यातला धडा, शब्द वाचा.

शब्दात एसयूव्ही नावाचा आकडा असतो, साखर किती ओढली त्याचा. आप्पांची मानेतली गाठ आधी १८.४, तीन केमोनंतर २.६. पण आकड्याला फार चिकटू नका, मशीन बदललं, शुगर बदलली, इंजेक्शन आणि फोटोमधला वेळ बदलला तरी तो हलतो, म्हणून जमल्यास दोन्ही वेळा एकाच सेंटरला जा. डॉक्टर बघतात ते डोविल स्कोअर. डोविल हे फ्रान्समधलं समुद्राकाठचं गाव, तिथं २००९ मध्ये जगभरचे डॉक्टर बसले आणि ठरवलं की प्रत्येकानं आपापल्या नजरेनं 'बरंच कमी' म्हणण्यापेक्षा पेशंटच्याच शरीरातली दोन ठिकाणं मापाला धरू, छातीतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांतलं रक्त आणि लिव्हर. गाठीत काहीच दिसत नसेल तर १. रक्ताएवढं किंवा कमी दिसलं तर २. रक्तापेक्षा जास्त पण लिव्हरच्या वर नाही तर ३. लिव्हरपेक्षा जास्त ४, खूपच जास्त किंवा नवीन गाठ उगवली तर ५. एक, दोन, तीन म्हणजे साधारणपणे पूर्ण प्रतिसाद धरतात.

आप्पांना तीन. त्यांना सांगितलं, पाचपैकी तीन आलेत. म्हणाले, "म्हंजे काठावर पास व्हय?" आईनं विचारलं साठ टक्के म्हणजे फर्स्ट क्लास ना? इथं मार्क कमी तेवढे चांगले हे दोघांना समजवायला अर्धा तास गेला आणि शेवटी आप्पा म्हणाले, असू दे, पास हाय न्हवं.

पण त्याच रिपोर्टात वर एक ओळ होती ज्यामुळं भाऊ दुसऱ्यांदा फोन करून म्हणाला, ताई, गाठ अजून आहे की, १.८ सेंटीमीटर. होती. आधी ४.२ होती. पेटमध्ये दोन मशीनं एकत्र असतात, एक आकार दाखवतं आणि दुसरं जिवंतपणा. लिम्फोमाची गाठ आतून मेली तरी जागेवर वणासारखा मेलेला गोळा राहतो, कधीकधी कायमचा. बाभळ तोडली, मूळ जाळलं, तरी बुंधा जमिनीत असतोच, त्याला पालवी फुटत नाही एवढंच बघायचं. म्हणून रिपोर्टात आकार वाचून घाबरायचं नाही, त्याच्यापुढं 'नॉन ॲव्हिड' लिहिलंय का ते बघायचं, म्हणजे ती साखर खात नाही.

मग मी विचारलं, आजार गेला तर पुढच्या तीन केमो कशाला? पेट फोटोत दिसायला कोट्यवधी पेशी एकत्र असाव्या लागतात. त्याच्या खालचं कुणालाच दिसत नाही. उरलेल्या केमो त्या न दिसणाऱ्यांसाठी. भाऊ म्हणाला, कळलं, दावणीचंच.

पैशाचं थोडक्यात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत कव्हर आहे. पण हॉस्पिटल योजनेत पाहिजे, मंजुरी आधी पाहिजे, आणि कोणतं औषध, कोणता स्कॅन त्यात बसतो ते आरोग्यमित्राच्या टेबलावर पहिल्या दिवशीच विचारा. आम्ही बायोप्सीचे पैसे आधी भरून बसलो, मग कळलं. रेशनकार्ड, आधार यांच्या पाच-पाच झेरॉक्स कायम पिशवीत. आणि प्रत्येक रिपोर्ट तारखेप्रमाणे फाईलला, कारण फोनमधला कधी उघडत नाही आणि ओपीडीत तुमच्या वाट्याला सात-आठ मिनिटं असतात.

जानेवारीच्या शेवटी सहावी झाली. शेवटचा पेट लगेच करत नाहीत, सहा ते आठ आठवडे थांबतात, कारण केमोची सूजसुद्धा साखर खाते आणि उगाच काळं दिसतं. ते दिवस सगळ्यात वाईट. केमो चालू असताना काहीतरी करतोय असं तरी वाटायचं. मार्चच्या मध्यात रिपोर्ट आला, डोविल २. डॉक्टर म्हणाले रिमिशन. आईनं विचारलं, म्हणजे बरे झाले ना? डॉक्टर म्हणाले, आज आजार कुठंही दिसत नाही. आई परत म्हणाली, म्हणजे बरे. डॉक्टर परत म्हणाले, दिसत नाही. चुकवत नव्हते ते. हा आजार परत यायचा असेल तर बहुतेकदा पहिल्या दोन वर्षांतच येतो, म्हणून दोन वर्षं काढल्याशिवाय डॉक्टरांच्या तोंडून 'बरे' निघत नाही. तोवर दर तीन महिन्यांनी जायचं, मान-काख-पोट चाचपायचं, सीबीसी, एलडीएच. भावाला वाटत होतं दर वेळी पेट करूया, पैसे लागू देत. डॉक्टर नको म्हणाले. काही त्रास नसताना काढलेल्या फोटोत सर्दीची गाठसुद्धा काळी दिसते आणि मग परत सुया, परत बायोप्सी, परत तुमच्या झोपा उडणार.

परवा गावी गेले होते. बागेचा खुडा बहुतेक उरकलाय, बेदाण्याला ठेवलेल्या चार ओळी तेवढ्या राहिल्यात. भावानं एक घड आणला, आईनं तीन पाण्यांनी धुतला आणि ताटात ठेवला. आप्पांनी बऱ्याच महिन्यांनी द्राक्ष तोंडात टाकलं, चावलं, थांबले, आणि भावाकडं बघून म्हणाले, "गोडी न्हाई लेका यंदा. पाणी जास्त दिलंस." भावानं काही न बोलता खिशातनं गोडी मोजायचं मीटर काढलं, त्याच घडातला एक मणी काचेवर पिळला, उजेडाकडं धरलं आणि मला दाखवलं. चोवीस, म्हणजे भरपूर गोड.